पानाची निशाणी

पावसाळ्यात मळवली स्टेशनवर उतरून भाज्याच्या लेण्यांकडे निघालं, की पायऱ्यांच्या कडेला, दगडांच्या फटीत एक लहानसा नेचा दिसतो. वरून साधा हिरवा, पण पान उलटं केलं की खालची बाजू पांढरीशुभ्र, तांदळाच्या पिठात दाबून काढल्यासारखी. डोंगरातल्या मुलांना त्याचा खेळ ठाऊक असतो. पांढरी बाजू कातडीला लावून पान मनगटावर ठेवायचं, वरून एक चापट मारायची आणि अलगद उचलायचं. मनगटावर त्या नेच्याची बारीक कातरलेली नक्षी जशीच्या तशी उमटते. शाई नाही, कुंचला नाही, कागदही नाही.

ती पांढरी भुकटी नेचा स्वतःच तयार करतो. पानाच्या पाठीवरच्या सूक्ष्म ग्रंथींतून मेणासारखं द्रव्य पाझरतं आणि त्याचे कण होऊन पाठीवर साचतात. पाऊस संपला, खडक तापू लागला, की हा नेचा आपली पानं आत मुडपून घेतो. हिरवी बाजू आत जाते आणि पांढरी पाठ उन्हाला सामोरी जाते. म्हणजे ज्या भुकटीने मुलांच्या मनगटावर नक्षी उमटते, ती मुळात कोरड्या दिवसांत तग धरण्याची सोय आहे. पानापासून चित्र छापायची कला मला पहिल्यांदा कुणी शिकवली असेल, तर ती या नेच्याने.

शाळेत आपण सगळ्यांनी ठसेकाम केलेलं असतं. भेंडी आडवी कापून फुलासारखा ठसा, बटाट्यावर कोरलेला चौकोन, आणि पानाला जलरंग फासून वहीवर मारलेला एक गिचमिड डाग. भेंडीचा ठसा छान येतो, पानाचा बिघडतो, म्हणून पानाचा नाद तिथेच सुटतो. खरं तर पान बिघडत नाही, आपण रंग जास्त घेतलेला असतो. पानाच्या पाठीवर शिरा उठून आलेल्या असतात, तेवढ्यांनाच शाई लागायला हवी. पातळ जलरंग शिरांमधल्या खळग्यांत उतरतो आणि सगळं एकसारखं भरून टाकतो. या एका गोष्टीकडे लक्ष दिलं की पुढचं काम सोपं होतं.

जुन्या खरेदीखतांवर ज्याला लिहिता येत नसे त्याच्या नावापुढे 'नि. डा. हा. अं.' असं लिहिलेलं असायचं. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. सही दुसऱ्याला गिरवता येते, अंगठा गिरवता येत नाही. पानाच्या ठशाचं मोल मला तिथेच दिसतं. चित्रकार पान काढतो तेव्हा त्यात त्याचा हात येतो. फोटोत उजेड आणि भिंग यांचा वाटा असतो. ठशात मात्र पान स्वतः कागदाला टेकलेलं असतं. किडीने कुरतडलेलं भोक, वाऱ्याने फाटलेली कड, मधली शीर जराशी डावीकडे कललेली, हे सगळं त्या एका पानाचं, त्या एका दिवसाचं. ठसा म्हणजे पानाने दिलेली साक्ष.

ही साक्ष किती पक्की असते, हे अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७३० च्या दशकात दाखवून दिलं. ते तेव्हा फिलाडेल्फियात छापखाना चालवत आणि वसाहतींच्या कागदी नोटा छापत. खोट्या नोटांचा सुळसुळाट होता. फ्रँकलिन यांनी खरं पान ओल्या प्लास्टरमध्ये दाबून त्याचा साचा घेतला, त्यात धातू ओतून ठोकळा केला आणि तो नोटेच्या मागच्या बाजूला छापला. कोरीवकाम करणारा कितीही तरबेज असो, खऱ्या पानाच्या शिरांचं जाळं, त्यातली जाडी कुठे वाढते आणि कुठे निमुळती होते, हे हाताने कोरणं त्याला जमणारं नव्हतं. एकाच झाडाची दोन पानंही तंतोतंत सारखी नसतात, आणि नोटेचं संरक्षण त्याच गोष्टीवर उभं होतं.

त्याच्याही दोनशे वर्षं आधी लिओनार्दो दा विंची यांनी आपल्या टिपणवहीत सेज या वनस्पतीच्या पानाचा ठसा उमटवून ठेवला आहे आणि शेजारी कृती लिहिली आहे. त्या कृतीत मेणबत्तीचं काजळ आहे, तेल आहे. हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता, कारण काजळ धरणं हे आपल्या घरातलं काम. एरंडेलाचा दिवा लावायचा, त्यावर तांब्याचं ताम्हण पालथं धरायचं, तळाशी जमलेलं काजळ बोटाने खरवडून घ्यायचं. माझ्या पहिल्या ठशांची शाई अशीच होती, काजळ आणि एरंडेल. ठसे सुरेख आले आणि महिन्याभराने वही उघडली तर समोरासमोरची पानं एकमेकांना काळी करून बसली होती.

चूक तेलाची होती. एरंडेल सुकत नाही. जवसाचं तेल सुकतं, पण पाण्यासारखं उडून जाऊन नव्हे. हवेतला प्राणवायू घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि तेलाची कडक पापडी होते. छापखान्याच्या शाईत शतकानुशतकं जवसाचं तेल वापरलं गेलं ते यासाठीच. सुतार आणि रंगारी लाकडाला बेलतेल लावतात, ते हेच उकळलेलं जवसाचं तेल. चमचाभर काजळात त्याचे थेंब टाकत काचेवर बोथट सुरीने घोटत राहायचं. शाई मधासारखी वाहायला लागली तर तेल जास्त झालं, लोण्यासारखी उभी राहिली तर बरोबर. एक सावधगिरी मात्र पाळायलाच हवी. या तेलाने माखलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ती आतून तापते आणि आपोआप पेटूही शकते. पाण्यात बुडवून, मग मोकळी पसरून वाळवा.

आता पान. ताजं तोडलेलं पान पाण्याने भरलेलं असतं, ते दाबाखाली घसरतं आणि रस सोडतं. पूर्ण वाळलेलं पान तडकतं. जुन्या वर्तमानपत्रात एक-दोन दिवस दाबून ठेवलेलं, कोमेजलेलं पण लवचीक पान सर्वांत चांगलं. काचेवर शाईचा पातळ थर पसरायचा, स्पंजचा तुकडा कापडात बांधून त्याची बोंडी करायची आणि तिने पानाच्या पाठीवर थोपटत शाई लावायची, फासायची नाही. मग शाईची बाजू खाली करून पान कागदावर ठेवायचं, वरून दुसरा कागद, आणि अंगठ्याने मधल्या शिरेपासून कडेपर्यंत दाबत जायचं. पहिला ठसा बहुधा काळाकुट्ट येतो. पुन्हा शाई न लावता त्याच पानाचा दुसरा घ्या, तिसरा घ्या. माझ्या अनुभवात दुसरा ठसा सर्वांत बोलका असतो.

कागदाच्या बाबतीत लोणावळ्याच्या हवेची मदत होते. छापायचा कागद किंचित दमट असला की त्याचे तंतू मऊ होऊन शिरांभोवती बसतात. जुने छापखानेवाले कागद मुद्दाम भिजवून घेत. जुलैमध्ये लोणावळ्यात कागद भिजवावा लागत नाही, कपाटातून काढला तरी तो हाताला ओलसर लागतो. याच हवेत शाई मात्र सावकाश सुकते आणि वहीला बुरशी धरते. तेव्हा ठसे पावसात घ्यावेत आणि वही कोरड्या जागी ठेवावी. पुण्याच्या शिवाजीनगर भागात हातकागद संस्था आहे. तिथला चिंध्यांपासून केलेला, फारसा खळ नसलेला कागद या कामाला उत्तम.

ठसे जमू लागले की ते वाचायची सवय लागते, आणि खरी गोडी इथून सुरू होते. जांभळाचं पान झाडावर गुळगुळीत, चकचकीत दिसतं, शिरा नजरेत भरत नाहीत. ठशात मात्र दाट, बारीक, एकमेकींना समांतर अशा कितीतरी शिरा कडेकडे धावताना दिसतात, आणि कडेपासून जरा आत त्या सगळ्यांना जोडणारी एक अखंड रेघ, धावदोऱ्यासारखी. जांभळाच्या कुळाची ती ओळख आहे. ऐनाच्या झाडाला आपण मगरीच्या पाठीसारख्या भेगाळलेल्या सालीवरून ओळखतो. पण त्याच्या पानाच्या पाठीवर, देठाजवळ मधल्या शिरेला चिकटून एक-दोन फुगीर ग्रंथी असतात, त्या ठशात ठळक ठिपके होऊन येतात. कारवीचं पान खरखरीत, कड कातरलेली, बाजूच्या शिरा धनुष्यासारख्या वाकलेल्या. सात-आठ वर्षांनी एकदा फुलणाऱ्या या झुडपाची फुलं पाहायला माणसं गाड्या भरून येतात. पानाकडे कुणी बघत नाही, आणि मावळातल्या घरांच्या कुडाच्या भिंती ज्या काठ्यांनी उभ्या राहिल्या त्या याच कारवीच्या.

दसऱ्याला बाजारात आपटा म्हणून कांचनाच्या डहाळ्या सर्रास विकल्या जातात. दोन्हींची पानं जोडपानासारखी दुभंगलेली, म्हणून गल्लत होते. दोन्हींचे ठसे शेजारी शेजारी घ्या. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं मोठं आणि लांबट. एकदा हे दोन ठसे मुलांनी स्वतःच्या हाताने घेतले की पुन्हा आयुष्यात त्यांची फसगत होणार नाही.

नेचे तर ठशासाठीच जन्माला आल्यासारखे सपाट. पावसाळ्यात लोणावळा-खंडाळ्याच्या झाडांच्या खोडांवर बाशिंगाचे झुपके येतात. त्याच्या मोठ्या हिरव्या पानांच्या पाठीवर बीजाणूंचे ठिपके असतात, तेही छापून निघतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये नेचे गोळा करायचं वेडच पसरलं होतं आणि त्या वेडातून छापील ठशांचं एक मोठं पुस्तक निघालं. त्याची हकिकत व्हिएन्नापासून सुरू होते. तिथल्या सरकारी छापखान्याचे प्रमुख आलोइस आउअर यांच्या छापखान्यात १८५० च्या सुमारास एक युक्ती पक्की झाली. वनस्पती मऊ शिशाच्या पत्र्यावर ठेवायची आणि जबरदस्त दाब द्यायचा. शिशात पानाचा सूक्ष्मातला सूक्ष्म तपशील खोल उमटतो. मग विजेच्या साहाय्याने त्यावर तांब्याचा थर चढवून छपाईचा पत्रा तयार करायचा. खऱ्या पानाचे फार तर दहा-वीस ठसे निघतात, या पत्र्यावरून हवे तेवढे काढता येतात. हेन्री ब्रॅडबरी या तरुण इंग्रज मुद्रकाने ही विद्या व्हिएन्नात पाहिली, लंडनला जाऊन आपल्या नावावर पेटंट घेतलं आणि १८५५ मध्ये ब्रिटन-आयर्लंडच्या नेच्यांचा ५१ चित्रपत्रांचा ग्रंथ छापला. आउअर यांनी त्याच्यावर विद्या चोरल्याचा जाहीर आरोप केला. वाद कुणाच्या बाजूने सोडवायचा तो सोडवा, त्या ग्रंथातले नेचे आजही कागदावर ओले वाटतात.

ही लाट हिंदुस्थानातही आली. १८५७ मध्ये मद्रासच्या सरकारी छापखान्यातून हेन्री स्मिथ यांनी वनस्पतींच्या अशा ठशांचे नमुने प्रसिद्ध केले. आपल्या बाजूला मात्र चित्राचा मार्ग धरला गेला, आणि तो लोणावळ्याला जाणाऱ्या लोकलच्या वाटेवरच. खडकीनंतरचं दापोडी स्टेशन आपण रोज ओलांडतो. तिथे मुंबई सरकारची वनस्पतिबाग होती आणि डॉ. अलेक्झांडर गिब्सन तिचे प्रमुख होते. हेच गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. त्यांनी बागेतल्या वनस्पतींची दीडशेहून अधिक चित्रं एका चित्रकाराकडून काढून घेतली. ती चित्रं आज एडिंबराच्या वनस्पतिउद्यानात आहेत, २००२ मध्ये त्यांच्यावर पुस्तकही निघालं. चित्रकार 'पोर्तुगीज' होता, बहुधा गोव्याचा, एवढंच कळतं. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. इतकी पानं ज्याने डोळ्यांत तेल घालून रंगवली, त्याचीच निशाणी राहिली नाही, याची मला दर वेळी खंत वाटते.

खंडाळ्याचं नशीब त्या मानाने बरं. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे फादर सांतापाऊ हे जन्माने स्पॅनिश, पेशाने जेझुइट पाद्री आणि वृत्तीने पक्के रानवेडे. खंडाळ्याच्या डोंगरात ते वर्षानुवर्षं हिंडले. वाळवलेले नमुने गोळा करून त्यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिला. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने तो १९५३ मध्ये प्रसिद्ध केला, पुढे त्याच्या सुधारित आवृत्त्याही निघाल्या. सांतापाऊ नंतर याच संस्थेचे संचालक झाले. एका घाटमाथ्याच्या गावाभोवती काय काय उगवतं, त्याची इतकी बारकाईने केलेली नोंद फार थोड्या ठिकाणांच्या वाट्याला आली आहे.

आणि हे ठिकाण तसं वेगळंच. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला जेमतेम तीसेक किलोमीटरवर तळेगाव, तिथे त्याच्या निम्म्याहूनही कितीतरी कमी. लोकलने कामशेत, वडगाव करत खाली येताना खिडकीतून झाडोरा बदलत जातो. अंजनी-जांभळासारखी सदाहरित झाडं मागे पडतात, उन्हाळ्यात पानं झाडणारी झाडं आणि बाभळी पुढे येतात. प्रत्येक स्टेशनवर उतरून पाच-पाच पानांचे ठसे घेतले, तर पावसाचा हा उतार एका वहीत उतरेल. शाळांनी सहलीला भुशी धरणावर जाण्याऐवजी असं काही करावं, असं मला मनापासून वाटतं.

विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी आणखी एक ठसा सांगतो. पानाच्या पाठीवर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात द्या, सुकू द्या, त्यावर चिकटपट्टी दाबून ओढून काढा. ती पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की पान ज्यांतून श्वास घेतं ती रंध्रं, त्यांच्या दोन्ही बाजूंच्या ओठांसारख्या पेशींसकट दिसतात.

कापडावरचे ठसे हा वेगळा प्रांत, त्यात पान स्वतःचा रंग देतं. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो, हे मावळातल्या पोरांना सांगावं लागत नाही. तेच पान सुती कापडावर ठेवून हातोडीने हळूहळू ठोकलं, तर लालसर जांभळा ठसा बसतो. पण नुसता रस टिकत नाही. त्याला धरून ठेवायला तुरटी किंवा लोह लागतं, आणि सुताला आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून घ्यावं लागतं. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातले महादेव कोळी पिढ्यान्‌पिढ्या जो बाळहिरडा गोळा करतात, तो टॅनिनने भरलेला असतो. टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळा रंग होतो. आपली जुनी हिरडा-हिराकसाची शाई हीच. कापड हिरड्यात भिजवून वाळवा, पानं गंजक्या खिळ्यांच्या पाण्यात बुडवून त्यावर मांडा, गुंडाळी करून दोऱ्याने घट्ट बांधा आणि तास-दीड तास वाफवा. उलगडल्यावर करड्या-काळ्या पानांची रांग दिसते. या कामाची पातेली पुन्हा स्वयंपाकाला घ्यायची नाहीत.

उन्हाचा ठसाही आहे. जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये लोहाच्या क्षारांनी कागद उन्हात निळा करायची रीत शोधली आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स यांनी तिने समुद्रशेवाळांचं पुस्तक काढलं. पान ठेवलेली जागा पांढरी राहते, भोवतालचं निळं होतं. याच हर्शेल यांचा मुलगा विल्यम बंगालमध्ये मुलकी अधिकारी होता. १८५८ मध्ये त्याने एका कंत्राटदाराच्या करारावर सहीसोबत हाताचा ठसा घेतला, आणि बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याचा अभ्यास तिथून पुढे वाढला. बापाने पानाची निशाणी घ्यायची रीत दिली, मुलाने माणसाची.

रानात हात घालण्यापूर्वी दोन वनस्पती ओळखायला शिका. बिब्बा आणि खाजकुइली. बिब्ब्याचा रस कातडीवर फोड उठवतो. त्याच रसाने परीट कपड्यांवर न जाणारी खूण करत, यावरून तो किती जहाल आहे ते समजेल. खाजकुइलीच्या शेंगांवरची लव नुसती वाऱ्याने अंगावर आली तरी पुरते.

आणि पान तोडू नका, पडलेलं घ्या. वनखात्याच्या हद्दीत तर तोडायचंच नाही. खडकांवरच्या चिमुकल्या दुर्मीळ वनस्पतींना बोटही लावू नका, त्यांच्या ठशापेक्षा त्यांचं बी पडणं जास्त गरजेचं आहे. मावळात डोंगर फोडून बंगल्यांच्या वसाहती उभ्या राहत आहेत, आणि एखाद्या उतारावर कोणती झाडं होती हे दहा वर्षांनी सांगायला तिथे कुणी नसतं. म्हणून प्रत्येक ठशाखाली तारीख आणि नेमकी जागा लिहा. तिसऱ्या ओळीत झाडाचं नाव लिहा, तेही तिथल्या गुराख्याला किंवा शेतात काम करणाऱ्या मावशींना विचारून. ते सांगतील तेच नाव, त्यांच्याच उच्चारात. सुरुवात जांभळाच्या पानाने करा. लोणावळ्यात ते वर्षभर मिळतं, आणि नीट घेतलेल्या ठशात कडेची ती धावदोऱ्यासारखी रेघ लगेच दिसते.